मालीखूलिया (सफवी इराण)
मालीखूलिया : सफवी काळातील (१५०१–१७२२) इराणी वैद्यकात दीर्घकाळ टिकणारी खिन्नता, निष्कारण भीती आणि भ्रम यांना मिळून असलेली संज्ञा. शब्द मूळचा ग्रीक : ‘मेलास’ म्हणजे काळे, ‘खोले’ म्हणजे पित्त. अरबीत तो ‘मालीनखूलिया’ किंवा ‘मालीखूलिया’ झाला, फारसीत दुसरे रूप रुळले. बोलीतले ‘दीवाना’ (दीव, म्हणजे दैत्य, अंगात शिरलेला, मराठी ‘दिवाणा’ त्याचाच) आणि ‘मजनून’ (जिनाने झपाटलेला) हे शब्द मात्र वेगळ्या समजुतीतून आले. हकीम ‘सौदा’, म्हणजे शरीरातील चार द्रवांपैकी काळे पित्त, बिघडल्याचे सांगे. घरातली माणसे बाधा झाल्याचे म्हणत.

अकराव्या शतकातील वैद्य इब्न सीना याच्या परंपरेत याचे तीन प्रकार : मेंदूचा, सर्व शरीराचा आणि ‘मराकी’. ‘मराक्क’ म्हणजे पोटाची मऊ भिंत. मराकीत आंबट ढेकर, तोंडाला पाणी सुटणे, पोटात गुरगुर, खांद्यांच्या मध्ये दुखणे ही लक्षणे जेवणानंतर वाढतात. मूळ कशात, याबद्दल एकमत नव्हते. कोणी जठराच्या खालच्या तोंडाचा दाह मानी, कोणी प्लीहेचा दोष. जेवणाशी असलेला संबंध पाहता पहिले मत लक्षणांशी अधिक जुळते.

उपचाराचा क्रम महत्त्वाचा. आधी कोमट स्नान, पुरेशी झोप आणि शरीरात ओलावा आणणारा आहार, मग दोष ‘पिकवणारे’, म्हणजे बाहेर पडण्याजोगा करणारे, काढे, शेवटी रेचक. पिकण्याआधीच रेचक दिले तर पातळ भाग निघून जातो, दाट काळा भाग मागे राहतो आणि रोगी पूर्वीपेक्षा बिघडतो. नेहमीचे रेचक म्हणजे दुधाची निवळ : दूध उकळवून त्यात सिकंजबीन (मध किंवा साखर आणि व्हिनेगर यांचे सरबत) घालून फाडायचे, गाळायचे आणि त्यात अफ्तीमून द्यायचे. ही अमरवेलीच्या जातीची वेल. ती पुरचुंडीत बांधून काढ्यात शेवटी टाकतात, कारण फार उकळल्यास तिचा गुण जातो. रक्त काढण्यासाठी शीर तोडल्यावर ते काळे आले तर वाहू द्यावे, स्वच्छ लाल आले तर ताबडतोब थांबवावे. मसूर, गोमांस, कोबी, वांगे वर्ज्य.

राजघराण्यातील उदाहरणे जपून वापरावीत. शाह दुसरा इस्माईल सुमारे वीस वर्षे कहकहा किल्ल्यात कैदेत होता. १५७६ मध्ये गादीवर येताच त्याने भाऊबंदांना मारवले. त्याला ‘वेडा’ ठरवण्यापेक्षा वारसाहक्काची भीती हे कारण अधिक पटते. शाह पहिल्या अब्बासने १६१५ मध्ये मुलगा सफी मिर्झा याला मारवले, तेही संशयापोटीच.

धर्मशास्त्रात कुराण ४:२९ च्या आधारे आत्महत्या निषिद्ध मानली जाई. शिया फिक्हनुसार (धर्मकायद्यानुसार) स्वतःला जाणूनबुजून जीवघेणी इजा केल्यावर केलेले मालमत्तेचे मृत्युपत्र अवैध. आधी केलेले वैध, तेही एक-तृतीयांश मालमत्तेपुरते. इजा चुकून झाली असेल तर नंतरचेही चाले. त्यामुळे मृत्युपत्र केव्हा झाले, यावर घरच्यांचे वाटे ठरत. नवऱ्याला लग्नानंतर वेड लागले तरी बायकोला तलाकाविना विवाह रद्द करता येई. नवऱ्याला रद्द करायचा तर बायकोचे वेड मात्र लग्नाआधीचे असावे लागे. नवऱ्याला नमाजाच्या वेळाही कळेनाशा झाल्या असाव्यात, अशी अट काही फकीह (धर्मकायद्याचे जाणकार) घालत. तेराव्या शतकातील फकीह मुहक्किक हिल्लीने तिच्याबद्दल साशंकता नोंदवली, आणि ती रास्त आहे : वेळ ओळखणारा माणूसही घर असह्य करू शकतो. वेड अधूनमधून येत असेल तर शुद्धीत असतानाचा व्यवहार ग्राह्य, मात्र त्या वेळी शुद्ध होती हे निश्चित झाले पाहिजे.