बोल्ट बसले, सर्किटचं काय?

बर्लिनच्या श्पांडाऊ भागातल्या कारखान्यातून १९६९ पासून नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत बीएमडब्ल्यूच्या एकाच घराण्यातल्या मोटरसायकली बाहेर पडत राहिल्या. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना आडवे बाहेर आलेले दोन सिलिंडर, थंडाव्याला वाहती हवा आणि मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्ट. शौकीन मंडळी यांना ‘एअरहेड’ म्हणतात. लांब पल्ल्यासाठी त्यातली सगळ्यात नावाजलेली गाडी म्हणजे १९७८ साली आलेली आर १०० आरटी. चालकाच्या छातीपर्यंत येणारं मोठं फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण), दोन्ही बाजूंना पेट्या आणि दिवसभर महामार्गावर न कुरकुरता पळणारं हजार सीसीचं इंजिन.

एवढी वर्षं इंजिनाचा सांगाडा जवळपास तोच राहिला, म्हणून या गाड्यांच्या मालकांना एक मोह कायम होतो: १९७४ च्या गाडीत १९८५ चा भाग बसवायचा, किंवा भंगारात निघालेल्या गाडीचं सामान आपल्या गाडीला लावायचं. नट-बोल्ट आणि गॅस्केटच्या बाबतीत हे बऱ्याचदा जमतंही. विजेचं सामान मात्र दगा देतं. पिस्टन बसला की नाही हे डोळ्यांना दिसतं, पण कॉइलमधून किती अँपियर वाहतील हे तिच्या डब्याकडे बघून कळत नाही. शिवाय विजेचा कुठलाही भाग एकटा नसतो. समोरच्या भागाचा रोध किती, तो किती करंट सोसतो, हे गृहीत धरूनच तो बनवलेला असतो.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातून वीज बनवणारं जनित्र. तो इंजिनाच्या पुढच्या टोकाला, थेट क्रँकवर बसतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत मॅग्नेट असलेलं चाक फिरतं आणि प्लेटवरच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. चुंबक कायमचं असल्यामुळे वीज कमी-जास्त करणं हातात नसतं. जास्तीची वीज आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) जिरवतं, म्हणून ते हात लावला की चटका देतं. बीएमडब्ल्यूच्या या अल्टरनेटरमध्ये कायमचं चुंबक नाही. मध्ये फिरणारा रोटर हाच एक विद्युतचुंबक. दोन कार्बन ब्रशमधून त्याला करंट दिला की तो चुंबक बनतो आणि बाहेरच्या स्टेटरमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या गुंडाळीत, वीज निर्माण करतो. रेग्युलेटरचं काम वीज जिरवण्याचं नाही, रोटरला किती करंट द्यायचा हे ठरवण्याचं. गरज कमी असेल तेव्हा तो रोटरचं चुंबकत्वच उतरवतो. हा फरक लक्षात ठेवला की पुढचं बरंच उलगडतं. एका पद्धतीचा रेग्युलेटर दुसऱ्या पद्धतीच्या गाडीला का चालत नाही, हेही वेगळं सांगावं लागत नाही.

सुरुवातीच्या गाड्यांचा अल्टरनेटर १८० वॅटचा होता. १९७४ च्या मॉडेलांपासून तो २८० वॅटचा झाला, म्हणजे १४ व्होल्टला २० अँपियर. आर ९० एस या वेगवान भावंडाला मधलाच, २४० वॅटच्या आसपासचा मिळाला. साहजिकच १८० वॅटवाल्याला वाटतं, नव्या गाडीचा रोटर काढून आपल्या गाडीत टाकू. दिसायला दोन्ही रोटर सारखेच. मल्टिमीटर लावून रोटरवरच्या दोन तांब्याच्या कड्यांमधला रोध मोजा, मग फरक दिसतो: जुन्यात सुमारे ७ ओहम, नंतरच्यात सुमारे ३.४. रोध निम्मा म्हणजे करंट दुप्पट. जुना रोटर फार तर दोन अँपियर ओढायचा, नवा चारच्या आसपास ओढतो. जुन्या यांत्रिक रेग्युलेटरमधले चिमुकले संपर्कबिंदू दोन अँपियर सोसायला बनवलेले. त्यांच्यावर दुप्पट भार आला की ठिणग्या वाढतात आणि बिंदू जळू लागतात. शिवाय स्टेटरही १०५ आणि १०७ मिलिमीटर अशा दोन बाह्य व्यासांचे आहेत आणि पुढच्या कव्हरमधली जागा त्याप्रमाणे वेगळी. म्हणजे रोटर, स्टेटर, रेग्युलेटर, ब्रश हे सगळं एका गटातून घेतलेलं बरं.

उलटा प्रयोग केला, म्हणजे नव्या गाडीत ७ ओहमचा रोटर टाकला तर? करंट निम्मा झाला म्हणून चुंबकत्वही निम्मं झालं, असं चटकन वाटतं. ते तसं नाही. चुंबकाचा जोर करंट आणि वेढे यांच्या गुणाकारावर ठरतो. तेवढ्याच जागेत जास्त रोध हवा असेल तर बारीक तार वापरून जास्त वेढे घ्यावे लागतात. हिशोब केला तर रोध दुप्पट होताना वेढे साधारण १.४ पट होतात, म्हणून जोर निम्म्यावर न येता ७० टक्क्यांपर्यंत येतो. गाडी चालते, बॅटरीही थोडीफार चार्ज होते, आणि म्हणूनच चूक लवकर लक्षात येत नाही. हिवाळ्यात हँडलचे हीटर, हेडलाइट आणि शहरातली रांग हे तिन्ही एकत्र आले की सकाळी स्टार्टर फक्त टकटक करतो. अल्टरनेटर क्रँकवर असल्यामुळे तो इंजिनाएवढाच फिरतो. मोटारीत पट्टा-पुलीमुळे तो इंजिनाच्या दोन-तीन पट वेगाने फिरतो. सिग्नलला उभ्या असलेल्या एअरहेडचा अल्टरनेटर त्यामुळे जवळपास काहीच देत नाही, मग डब्यावर २८० लिहिलेलं असो की ४००.

आता डॅशबोर्डवरच्या लाल चार्जिंग दिव्याकडे बघू. मला या सगळ्या गाडीतला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो, आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याच्याबद्दलच आहेत. लोक त्याला नुसता इशारा समजतात. चावी फिरवली की बॅटरीची वीज या दिव्यातून, तिथून रेग्युलेटरमधून, तिथून ब्रशमधून रोटरमध्ये जाते आणि अर्थला मिळते. दिवा लागतो तो या साखळीत वीज वाहते म्हणून. तीन-चार वॅटच्या बल्बमधून साधारण पाव अँपियर जातो आणि तेवढ्याने रोटर किंचित चुंबक बनतो. इंजिन सुरू झालं की स्टेटरमध्ये थोडी वीज तयार होते, ती तीन छोट्या डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांतून) परत रोटरला मिळते, रोटर आणखी जोरदार होतो. क्षणभरात अल्टरनेटर स्वतःच्या पायावर उभा राहतो. आता दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, म्हणून तो विझतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, चावी फिरवल्यावर हा दिवा लागलाच नाही तर आनंद मानू नका. बल्ब गेला असेल, ब्रश झिजून टेकत नसतील, किंवा रोटरची तार आतून तुटली असेल. या गाड्यांत हा शेवटचा आजार नेहमीचा आहे, कारण फिरण्याचा जोर आणि तापणं-निवणं दोन्ही त्या तारेला सोसावं लागतं. दुसरी, जुन्या डॅशवर हौसेने एलईडी बसवला तर तो नेमका या जागी बसवू नये. एलईडीतून मिलिअँपियरमध्येच करंट जातो. तेवढ्याने रोटर जागा होत नाही, किंवा इंजिन चांगलंच रेस केल्यावर, लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाच्या आधाराने होतो. दुसऱ्या वर्षाचा किंवा बाजारातला तयार डॅश लावताना हीच गोष्ट तपासायची असते. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर योग्य रोधक जोडावा लागतो.

इग्निशनच्या बाबतीत १९८१ हे वर्ष भिंतीसारखं मध्ये उभं आहे. त्याआधी पॉइंट, म्हणजे यांत्रिक स्विच, होते. कॅम फिरतो, पॉइंट उघडतात, स्पार्कसाठीच्या इग्निशन कॉइलमधला करंट तुटतो आणि स्पार्क पडतो. १९८१ च्या मॉडेलांपासून पॉइंटच्या जागी हॉल सेन्सर आला. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवलेला परिणाम त्यात वापरला आहे: करंट वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबकीय क्षेत्र आणलं की पट्टीच्या आडव्या बाजूंमध्ये व्होल्टेज तयार होतं. सेन्सरच्या डब्यात एक खिडक्या पाडलेली लोखंडी वाटी फिरते. खिडकी आली की चुंबकाचं क्षेत्र सेन्सरपर्यंत पोचतं, भिंत आली की अडतं. इशारा मिळाला की टाकीखालचं इलेक्ट्रॉनिक मोड्यूल कॉइलचा करंट तोडतं.

पॉइंटच्या काळात कॉइल दोन आणि मालिकेत जोडलेल्या. दोन्ही प्लग एकदमच ठिणगी टाकतात, त्यातली एक फुकट जाते. रोध मात्र बदलला. पॉइंटवाल्या गाडीत एका कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध दीड ओहमच्या आसपास, दोन्ही मिळून तीन, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे चार अँपियर. पॉइंट एवढंच सोसतात. इलेक्ट्रॉनिक गाडीच्या कॉइलचा रोध एक ओहमपेक्षाही कमी. कारण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ट्रान्झिस्टर पॉइंटपेक्षा जास्त करंट तोडू शकतो. या ‘जास्त ताकदीच्या’ कॉइल पॉइंटवाल्या गाडीला लावल्या की स्पार्क खरंच टणक पडतो, मालक खूश होतो आणि काही दिवसांत पॉइंट निळे-काळे होतात. चावी चालू ठेवून गाडी उभी राहिली आणि पॉइंट बंद स्थितीत असले तर आठ-दहा अँपियर नुसते वाहत राहतात आणि कॉइलच भाजते. उलट बदलात, जुन्या कॉइल नव्या मोड्यूलला लावल्या तर काही जळत नाही, फक्त नव्या व्यवस्थेचा फायदा मिळत नाही.

मोड्यूल दुसऱ्या गाडीतून काढताना त्याच्या पाठीवरची पांढरी पेस्ट बऱ्याचदा पुसून टाकली जाते, घाण समजून. ती उष्णता वाहून नेणारी पेस्ट. ती नसेल तर मोड्यूल आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो आणि मोड्यूल तापून बंद पडतं. निवल्यावर परत चालतं, आणि मेकॅनिक कार्बुरेटर उघडून बसतो.

रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, याचा घोटाळा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात चावरा. जर्मन वाहनांत जोडबिंदूंना ठरलेले आकडे असतात: ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे चावीनंतरची वीज, ३१ म्हणजे अर्थ, ५० स्टार्टरला. रिलेत ८५ आणि ८६ ही गुंडाळीची टोकं, ८७ ही बाहेर जाणारी वीज. पाच पायांच्या रिलेत मधला पाय कधी ८७अ असतो, कधी ८७ब. ८७अ हा रिले झोपलेला असताना जोडलेला आणि जागा झाला की सुटणारा, तर ८७ब हा ८७ सारखाच, रिले जागा झाल्यावर जोडला जाणारा. डबा तोच, पाय तेच, सॉकेटही तेच. चुकीचा खोचला तर जी तार फक्त बटण दाबल्यावर जिवंत व्हायला हवी ती आधीपासूनच जिवंत राहते. अंगावर छापलेली आकृती वाचूनच रिले बदलावा, दुकानदाराच्या ‘सेम आहे’ वर नाही.

स्टार्टरबद्दल थोडक्यात: सुरुवातीच्या बॉशच्या स्टार्टरला आठ दात आणि फ्लायव्हीलला ९३, नंतर नऊ दात आणि १११. बोल्ट सारखेच, दातांचं माप वेगळं. मिसळले तर आवाजच सांगतो. पुढे आलेला व्हॅलिओचा स्टार्टर हलका आहे, करंटही कमी ओढतो, पण त्यातली कायमची चुंबकं आतल्या भिंतीला चिकटवलेली असतात आणि ती सुटतात. जुना घेताना हलवून, कान लावून बघावा.

अल्टरनेटरच्या वर, पुढच्या कव्हरमागे डायोड बोर्ड असतो. तीन फेजच्या एसीचं डीसी करणारे सहा मोठे डायोड आणि वर सांगितलेले तीन छोटे. काही वर्षांच्या गाड्यांत तो रबरी पायांवर बसवला. रबरातून वीज जात नाही, म्हणून बोर्डाला अर्थ देणाऱ्या वेगळ्या तारा असतात. बोर्ड भंगारातल्या गाडीतून काढताना त्या तारा तिथेच राहतात किंवा गंजलेल्या अवस्थेत परत लावल्या जातात, आणि मग नवा बोर्डही खराब ठरवला जातो. अर्थ कच्चा असला की रेग्युलेटरचीही फसगत होते. तो व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या अर्थपासून, बॅटरीच्या टोकांवर नाही. तिथे अर्धा व्होल्ट गळला तर बॅटरीला अर्धा व्होल्ट कमी-जास्त मिळतो, आणि शिसं-आम्लाच्या बॅटरीसाठी १३.७ आणि १४.२ यांत अर्धवट आणि पूर्ण चार्जिंग एवढा फरक आहे.

या बोर्डावरचं एक टोक चावी बंद असतानाही बॅटरीला जोडलेलं असतं. पुढचं कव्हर काढताना त्याची कड त्या टोकाला टेकली तर धातूच्या कव्हरमधून थेट शॉर्ट होतो आणि बोर्ड जातो, कधी वायरिंगसह. म्हणून सीट उचलून आधी बॅटरीची अर्थची केबल सोडायची, ती मागे येऊन टेकणार नाही अशी बाजूला बांधायची, आणि मगच कव्हरच्या बोल्टांना ॲलन की लावायची.