युद्धकालीन निर्मांस नाताळभोजन (ब्रिटन)

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर 1954 पर्यंत ब्रिटनमध्ये शिधावाटपाच्या मर्यादेत बसवलेले, मांस वगळून केलेले नाताळचे जेवण. मॉक गूस (‘नकली हंस’) किंवा वूल्टन पाय (कवचाखाली भाजलेल्या भाज्या) हा मुख्य पदार्थ, गाजर-बटाटा घातलेले नाताळ पुडिंग, नकली मार्झिपॅन (एरवी बदाम व साखरेचा मळलेला गोळा) आणि नकली क्रीम ही त्याची ठळक अंगे. शिधावाटप 8 जानेवारी 1940 रोजी सुरू झाले, म्हणून 1939 चा नाताळ या नोंदीच्या कक्षेत येत नाही.

मॉक गूसचे मूळ : या पदार्थात हंसाचे (गूसचे) मांस नसते. त्याच्या उगमाबद्दल तीन मते आहेत. लोकप्रिय लेखनात तो अन्न मंत्रालयाच्या स्वयंपाकघरात 1940 नंतर जन्मला असे सरसकट लिहिले जाते. हे मत टिकत नाही, कारण एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या इंग्रजी पाककृतींत ‘मॉक गूस’ हे नाव आढळते. मात्र तेथे ते कातडी काढून, सेज (उग्र वासाची एक पाककृतींतली वनस्पती) व कांद्याचे सारण भरून भाजलेल्या डुकराच्या मांडीला दिलेले आहे. न्यूझीलंडमधील ‘कलोनियल गूस’, म्हणजे सारण भरलेली मेंढीची मांडी, याच कुळातली. दुसरे मत शाकाहारी चळवळीकडे बोट दाखवते : व्हेजिटेरियन सोसायटी 1847 मध्ये स्थापन झाली आणि डाळी, सुकामेवा व पावाचा चुरा यांचे भाजलेले गोळे तिच्या परिघात युद्धापूर्वीच रुळले होते. तिसऱ्या मतानुसार मुद्दा पक्ष्याचा नसून सारणाचा आहे. इंग्रज माणसाला नाताळच्या हंसाची ओळख सेज-कांद्याच्या वासाने पटते. तो वास असला की खाली मांडी असो, यकृत असो वा मसूर, नाव चालून जाते. हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. नाव जुन्या गरीबघरच्या स्वयंपाकातून, मसुराची कृती बहुधा शाकाहाऱ्यांकडून आणि बटाट्याची कृती युद्धकाळातील बटाटा-प्रचारातून आली असावी.

याला एक विपरीत जोड आहे. ब्रिटनचा बराचसा कांदा ब्रिटनी (वायव्य फ्रान्समधील प्रदेश) व चॅनल बेटांतून (फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची ब्रिटिश सत्तेखालील बेटे) येत असे. 1940 च्या उन्हाळ्यात हे दोन्ही प्रदेश जर्मनांच्या ताब्यात गेले आणि त्या हिवाळ्यात कांदा दुर्मीळ झाला. म्हणजे ज्या नाताळात मॉक गूसची गरज प्रथम भासली, त्याच नाताळात त्याची ओळख पटवणारा कांदाच मिळेना. लीकचा (कांद्याच्या कुळातली एक पालेभाजी) पांढरा भाग परतून वापरणे हा त्यावरचा चांगला उपाय. गोडवा येतो, तिखटपणा मात्र येत नाही.

शिधा : प्रमाणे बदलत राहिली. प्रौढ व्यक्तीचा नमुनादाखल साप्ताहिक शिधा असा : लोणी 2 औंस, मार्गारिन 4 औंस, स्वयंपाकाची चरबी 2 औंस, साखर 8 औंस, चीज 2 औंस, चहा 2 औंस (1 औंस = 28 ग्रॅम). मांस 11 मार्च 1940 पासून वजनावर नव्हे, तर किमतीवर मोजून मिळे. मांसाचा हक्क सोडणाऱ्या नोंदणीकृत शाकाहाऱ्यांना जादा चीज मिळे. पॉइंट पद्धत, म्हणजे ठरावीक गुण देऊन ते यादीतील हव्या त्या वस्तूंवर खर्च करू देणे, 1 डिसेंबर 1941 पासून लागू झाली. सुकी फळे व डाळी लवकरच तिच्यात आल्या. 1940 मध्येच केकवर साखरेचे आयसिंग करण्यास बंदी आली आणि क्रीमची विक्री थांबली. त्या वर्षीच्या नाताळच्या आठवड्यात मात्र चहा दुप्पट व साखर 4 औंस जादा देण्यात आली. टर्की शिधापत्रिकेवर नव्हती, पण हाती लागणे कठीण होते.

चौघांच्या कुटुंबाचा हिशेब मांडला तर अडचण साखरेत नसते. पुडिंग, मार्झिपॅन व क्रीम मिळून सुमारे 9 औंस साखर लागते आणि आठवड्याची साखर 32 औंस असते. खरी ओढाताण चीज व चरबीची. एका मॉक गूसला 4 औंस चीज, म्हणजे घराचा अर्ध्या आठवड्याचा वाटा. तीन गोड पदार्थ व पायचे कवच मिळून 9 ते 10 औंस चरबी, आणि तीही रोजच्या पावावरून काढायची. म्हणून मार्गारिन नोव्हेंबरपासून थोडे थोडे मागे टाकावे आणि सुक्या फळांचे पॉइंट त्याआधीच राखावेत.

मुख्य पदार्थ : (1) बटाट्याचा मॉक गूस. दीड पाउंड बटाटे, 2 मोठी आंबट सफरचंदे, 4 औंस किसलेले चीज, अर्धा चमचा सुके सेज, पाऊण पिंट भाज्यांचे पाणी, 1 मोठा चमचा पीठ (ब्रिटिश पिंट = 568 मिली.). तूपट हात फिरवलेल्या भांड्यात बटाटा, सफरचंद, चिमूट सेज, मीठ-मिरी व चीज असे थर द्यावेत. वरचा थर बटाटा व चीज यांचा. अर्धा पिंट पाणी ओतून मध्यम ओव्हनमध्ये (सुमारे 180° से.) 45 मिनिटे भाजावे. उरलेल्या पाण्यात पीठ कालवून ओतावे व आणखी 15 मिनिटे ठेवावे. हा पदार्थ बिघडतो तो बहुधा बटाट्याच्या जाड चकत्यांमुळे. सफरचंदाच्या आंबटपणाने बटाटा मऊ व्हायला वेळ लागतो. चकती जाड असेल तर तासानंतरही मधला थर करकरीत राहतो. चकत्या नाण्याइतक्या पातळ हव्यात. पीठ आधीच घातले तर रस लवकर घट्ट होऊन थरांत मुरत नाही आणि तळ लागतो. सेज वाढवल्यास औषधी कडवटपणा येतो.

(2) मसुराचा मॉक गूस. 6 औंस मसूर डाळ अर्ध्या पिंट पाण्यात पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवावी. मग 1 मोठा चमचा लिंबाचा रस घालावा; लिंबे मिळेनाशी झाल्यावर थोडा व्हिनेगर. आंबट आधी घालू नये, डाळ शिजत नाही. सारणासाठी मोठा कांदा थोड्या पाण्यात 10 मिनिटे शिजवून निथळावा, त्यात 2 औंस पावाचा चुरा व 1 मोठा चमचा चिरलेले ताजे सेज मिसळावे. डाळ, सारण, डाळ असे थर देऊन वरून खरपूस होईपर्यंत भाजावे. डाळ सैल राहिली तर कापताना तुकडा उभा राहत नाही. चीजचा वाटा संपलेल्या घराला ही कृती सोयीची. नोव्हेंबर 1944 मध्ये व्हीगन सोसायटी स्थापन झाली. दूध-चीज वर्ज्य करणाऱ्यांनाही ती तशीच चालते.

(3) वूल्टन पाय. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन (कार्यकाळ 1940–43) यांच्या नावाचा हा पदार्थ सॅव्हॉय हॉटेलचे मुख्य आचारी फ्रान्सिस लात्री यांनी बसवला. कृती 26 एप्रिल 1941 च्या टाइम्समध्ये आली. बटाटा, फुलकोबी, स्वीड (सलगमाच्या जातीचा कंद) व गाजर प्रत्येकी 1 पाउंड, 3-4 कांद्याच्या पाती, 1 चमचा भाज्यांचा अर्क, 1 मोठा चमचा ओटचा भरडा. भाज्या बुडतील एवढ्याच पाण्यात 10 मिनिटे ढवळत शिजवून गार करावे, पार्सली पेरून बटाट्याच्या किंवा गव्हाच्या कवचाखाली भाजावे. गार करणे टाळू नये. गरम भाज्यांच्या वाफेने कवचाची चरबी आधीच वितळते व कवच ओले राहते. कवचासाठी 8 औंस पीठ, 4 औंस कुस्करलेला कोरडा बटाटा, 3 औंस चरबी पुरते.

तंगड्यांच्या जागी पार्सनिप (गाजरासारखा पांढरट कंद) लावलेली ‘मॉक टर्की’ अनेकदा निर्मांस पदार्थांत गणली जाते. ते बरोबर नाही. तिच्या प्रचलित कृतींत सॉसेजचे मांस असते.

पुडिंग : पीठ, पावाचा चुरा, मिश्र सुकी फळे, किसलेले गाजर व किसलेला कच्चा बटाटा प्रत्येकी 1 कप, साखर व सुएट प्रत्येकी अर्धा कप, 1 चमचा मिश्र गोड मसाला, शेवटी 2 मोठे चमचे गरम दुधात विरघळवलेला 1 सपाट चमचा खाण्याचा सोडा. चार तास वाफवावे. सुएट ही गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असल्याने शाकाहारी जेवणात तेथे मार्गारिन घ्यावे लागते आणि पुडिंग किंचित दाट होते. सुएट उशिरा वितळून पिठात पोकळ्या ठेवते, मार्गारिन तसे करीत नाही. बटाटा सर्वांत शेवटी किसावा, नाहीतर तो काळपटतो. सोडा पडताच मिश्रण भांड्यात भरून वाफेवर चढवावे, कारण फुगण्याचे काम त्याच क्षणी सुरू होते. भांड्याभोवतीचे पाणी आटले तर उकळतेच पाणी घालावे. जुने पुडिंग महिनाभर आधी करून मुरवीत. याच्यात साखर व मद्य कमी आणि ओलावा जास्त असल्याने ते लवकर बुरसते. नाताळच्या एक-दोन दिवस आधीच करावे.

मार्झिपॅन व क्रीम : मार्झिपॅनसाठी 2 औंस मार्गारिन 2 मोठे चमचे पाण्यात वितळवून त्यात बदामाचा इसेन्स, 4 औंस साखर व 4 औंस सोयाबीनचे पीठ मिसळून मळावे. विस्तवावर पीठ घातल्यास तेल सुटते. इसेन्स एक चमच्यापासून चाखत वाढवावा. क्रीमसाठी अर्धा औंस कॉर्नफ्लॉवर पाव पिंट दुधात शिजवून पूर्ण गार करावे. दीड औंस मार्गारिन व 1 औंस साखर फेसून त्यात ते चमचा चमचा घालत घोटावे. खीर कोमट असली तरी मार्गारिन वितळते आणि क्रीम फाटते.

इंधन : ओव्हन एकदाच तापवून मॉक गूस, पाय व भाजलेली सफरचंदे एकत्र भाजणे हा नियम. ग्रेव्ही यीस्टच्या अर्कावर, भाज्यांच्याच पाण्यात करतात.

इतरत्र व युद्धोत्तर : जर्मनव्याप्त चॅनल बेटांवर टंचाई याहून तीव्र होती, रेड क्रॉसचे मदत घेऊन येणारे वेगा हे जहाज ग्वेर्नसीला पोहोचले ते 27 डिसेंबर 1944 रोजी, नाताळ उलटल्यावर. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर युद्धकाळात पाव व बटाटा यांवर शिधा नव्हता आणि वरील सर्व कृती त्याच आधारावर रचलेल्या आहेत. पावाचे शिधावाटप जुलै 1946 ते जुलै 1948 असे चालले आणि 1947 च्या अखेरीस बटाटाही नियंत्रणात आला. त्यामुळे हे जेवण जमवायला युद्धातल्या कोणत्याही नाताळापेक्षा 1947 चा नाताळ अधिक अवघड होता.