कृषी विस्ताराचा डिप्लोमा आणि कृषी सेवारत्न पुरस्कार: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा प्रवास

खरिपाच्या तोंडावर गावात घरोघर बसून सोयाबीनची उगवण चाचणी घेणाऱ्या माणसाला 'तुमच्या कामाचा पुरावा द्या' म्हटलं, की तो मोबाइल काढतो आणि फोटो शोधायला लागतो. फोटो सापडतो. पण त्यावर तारीख नसते, गावाचं नाव नसतं, आणि गोणपाटाभोवती वाकलेल्या पाच जणांत आपण कोणते हे त्यालाच बोट ठेवून दाखवावं लागतं. माझ्या पाहण्यातले बहुतेक अर्ज अडले ते इथेच. काम भरपूर होतं, कागद नव्हता.

महाराष्ट्रात कृषी विभागात क्षेत्रीय काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे नवं तंत्र शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याचं 'विस्ताराचं' काम करणाऱ्यांसाठी, दोन वाटा मुद्दाम माहीत करून घेण्यासारख्या आहेत. एक शिक्षणाची: हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेचा, म्हणजे 'मॅनेज'चा, पदव्युत्तर डिप्लोमा. दुसरी सन्मानाची: राज्य शासनाचा पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील कृषी सेवारत्न पुरस्कार. दोन्हींची माहिती एकत्र देतोय, कारण पहिल्यासाठी केलेली नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी उपयोगी पडते. हे बहुतेकांच्या लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

डिप्लोमा: नेमका काय आहे

मॅनेज ही केंद्र सरकारची संस्था 1987 साली सुरू झाली. तिचा कृषी विस्तार व्यवस्थापनातला पदव्युत्तर डिप्लोमा, बोलीभाषेत 'पीजीडीएईएम', 2007 पासून चालू आहे. मुदत एक वर्ष, दोन सत्रं, एकूण 32 श्रेयांक. नोकरी सोडावी लागत नाही. अभ्यास साहित्य मिळतं, घरी वाचायचं, स्वाध्याय लिहून पाठवायचे, संपर्क वर्गांना हजर राहायचं आणि सत्राच्या शेवटी परीक्षा द्यायची. विषय आपल्याच रोजच्या कामातले आहेत: संवाद आणि नव्या तंत्राचा प्रसार, लोकसहभागाच्या पद्धती, बाजाराभिमुख विस्तार, कृषी उद्योजकता, प्रकल्प व्यवस्थापन, माहिती तंत्रज्ञानाचा वापर. दुसऱ्या सत्रात प्रकल्प अहवाल असतो. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण खरी मेख तिथे आहे.

प्रत्येक राज्यात या अभ्यासक्रमाचं काम राज्यस्तरीय विस्तार प्रशिक्षण संस्थेकडे असतं. आपल्याकडे ती नागपूरची वनामती. संपर्क वर्ग असोत की परीक्षा, विचारपूस तिथेच करायची. हैदराबादला थेट पत्र पाठवून उत्तराची वाट पाहत बसणारे दरवर्षी भेटतात. त्यांचं पत्र फिरून वनामतीकडेच येतं.

कोणाला करता येतो

डिप्लोमा पदव्युत्तर आहे, तेव्हा पदवी हवीच. कृषी किंवा संलग्न शाखेची: उद्यानविद्या, पशुवैद्यक, मत्स्य, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी वगैरे. इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. दोन वर्षांच्या कृषी पदविकेवर भरती झालेल्या सहकाऱ्यांना वाटतं, वीस वर्षांची सेवा आहे म्हणजे चालून जाईल. चालत नाही. सेवेची वर्षं पदवीच्या जागी धरली जात नाहीत. अशांसाठी वेगळ्या सोयी आहेत, त्या शेवटी सांगतो.

शासकीय विस्तार यंत्रणेतल्या निवड झालेल्या उमेदवारांचं शुल्क 'आत्मा' (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) योजनेच्या निधीतून भरलं जातं. म्हणजे खिशातून पैसे जात नाहीत, पण जागा मर्यादित असतात आणि नाव कार्यालयामार्फतच जावं लागतं. स्वयंसेवी संस्था किंवा खासगी क्षेत्रात विस्ताराचं काम करणाऱ्यांना स्वखर्चाने प्रवेश घेता येतो. शुल्काचा आकडा त्या वर्षीच्या माहितीपत्रकावरूनच घ्यावा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवर विसंबू नये.

अर्जाचा प्रवास

प्रवेशाचं परिपत्रक आलं की ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालय आणि आत्माच्या प्रकल्प संचालकांकडून तालुक्यापर्यंत येतं. निदान यायला हवं. प्रत्यक्षात ते कधी तालुक्याच्या मेलमध्ये चार दिवस पडून राहतं आणि सजेपर्यंत (एका कर्मचाऱ्याकडे असलेल्या गावांच्या कार्यक्षेत्रापर्यंत) पोचतं तेव्हा अंतिम तारीख परवावर आलेली असते. म्हणून मॅनेज आणि वनामतीची संकेतस्थळं स्वतः अधूनमधून बघावीत. परिपत्रकाची छापील प्रत घेऊन आपणच तालुका कृषी अधिकाऱ्यांसमोर उभं राहिलं, की फाईल हलते.

अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे तालुका, मग जिल्हा, मग पुढे, असाच जातो. आगाऊ प्रत ईमेलने पाठवायला हरकत नाही, पण ती अर्ज धरली जात नाही. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पुढच्या टेबलावरून तो कोणत्या जावक क्रमांकाने गेला तेही लिहून ठेवा. एका कार्यालयात माझ्या सहकाऱ्याचा अर्ज दोन महिने 'वर पाठवलाय' होता. जावक नोंदवही उघडली तर त्यात त्याचं नावच नव्हतं. त्या वर्षीचा प्रवेश गेला तो गेलाच.

उच्च शिक्षणासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी आधी घ्यायची, प्रवेश नंतर. उलटं केलं तर डिप्लोमा पूर्ण होतो, पण सेवापुस्तकात नोंद घ्यायच्या वेळी आस्थापना शाखा 'परवानगीचा आदेश कुठाय' म्हणून विचारते, आणि तो प्रश्न चुकीचा नसतो.

कागदपत्रं साधारण अशी लागतात:

- पदवी प्रमाणपत्र आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, साक्षांकित प्रतींसह
- दहावीचं प्रमाणपत्र, जन्मतारखेसाठी
- सध्याच्या पदाचा आणि नेमणुकीचा दाखला, कार्यालय प्रमुखांच्या सहीचा
- कार्यालयाचं शिफारसपत्र आणि शिक्षणाची परवानगी
- आधार कार्डाची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे फोटो
- नावात बदल असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र

शेवटच्या ओळीकडे लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावं. पदवी एका नावाने, सेवापुस्तक दुसऱ्या नावाने, आणि आधारवर मधलं नाव तिसरंच, असा प्रकार असेल तर आधी तो निस्तरा. तशीच गोष्ट पदनामाची. कृषी सहायक आता सहायक कृषी अधिकारी झाले आणि कृषी पर्यवेक्षक उप कृषी अधिकारी. जुन्या आदेशांवर जुनं पदनाम असणारच. पदनाम बदलाच्या शासन निर्णयाची एक प्रत अर्जाला जोडली की छाननीत प्रश्न उरत नाही.

प्रकल्प अहवालाचा विषय

बरेच जण हा भाग शेवटच्या पंधरवड्यात उरकतात. 'अमुक तालुक्यातील शेतकऱ्यांचा माहिती तंत्रज्ञानाबाबत दृष्टिकोन' असला विषय, तीस प्रश्नांची छापील प्रश्नावली, आणि दुसऱ्याच्या अहवालातून उचललेलं पहिलं प्रकरण. उत्तीर्ण होता येतं. पण वर्षभर राबून हातात काही उरत नाही.

त्याऐवजी आपण तसंही करत असलेलं एक काम घ्या. उगवण चाचणीचंच बघू. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, अंकुर मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर शिफारशीप्रमाणे बियाणं, कमी आले तर पेरणीचं प्रमाण वाढवायचं. हे आपण दर उन्हाळ्यात शिकवतो. आता गावनिहाय नोंदवही घाला: शेतकरी, वाण, बियाणं कुठलं, अंकुर किती, सल्ला काय दिला, त्याने तो पाळला का, दुबार पेरणीची वेळ आली का. शेजारच्या गावात जिथे चाचणी झाली नाही तिथल्या तेवढ्याच शेतकऱ्यांचीही नोंद घ्या. एवढ्यावर चांगला अहवाल उभा राहतो. आणि तीच वही, तेच आकडे, पुरस्काराच्या प्रस्तावात सर्वात वजनदार पान ठरतात.

शेतीशाळेच्या, म्हणजे शिवारातच भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वर्गांच्या, बाबतीतही तसंच. वर्गांची संख्या सगळेच देतात. पहिल्या वर्गाला कामगंध सापळा (गंधाने किडीचे पतंग ओढून पकडणारा) लावणारे किती होते आणि हंगामाच्या शेवटी किती, हे फार थोडे देतात.

कृषी सेवारत्न पुरस्कार

राज्य शासन दरवर्षीच्या कामगिरीसाठी कृषिरत्न, कृषिभूषण, जिजामाता कृषिभूषण, उद्यान पंडित, शेतीनिष्ठ असे पुरस्कार देतं. ते शेतकऱ्यांसाठी आणि संस्थांसाठी. कृषी सेवारत्न हा त्याच मालिकेतला, पण विभागातल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठीचा पुरस्कार. ज्यांच्या नावाने तो आहे त्या विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, तोही गावोगाव फिरून, शेतकऱ्याला एकेक करून पटवून. विस्ताराच्या माणसाला हे नाव शोभतं.

या पुरस्काराबाबत आधी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे वर्ष. प्रस्ताव ज्या वर्षासाठी मागवला जातो ते वर्ष आणि प्रत्यक्ष वितरण यांत मोठं अंतर पडू शकतं. 2017, 2018 आणि 2019 या तीन वर्षांचे राज्य कृषी पुरस्कार मे 2022 मध्ये नाशिकला दिले गेले; त्यापुढच्या तीन वर्षांचे सप्टेंबर 2024 मध्ये मुंबईत. दरम्यान तुमची बदली झालेली असते, शिफारस करणारे अधिकारी निवृत्त झालेले असतात. तेव्हा प्रस्तावाची पूर्ण प्रत, सही-शिक्क्यांसकट, स्वतःजवळ ठेवा. जुन्या तालुक्यात जाऊन 'माझी फाईल' म्हणून शोधण्याची पाळी कोणावर येऊ नये.

प्रस्ताव नियंत्रक अधिकाऱ्यामार्फत खालून वर जातो आणि प्रत्येक टप्प्यावर छाननी होते. सेवेचा तपशील, मागच्या वर्षांच्या गोपनीय अहवालांच्या (वरिष्ठांनी लिहिलेल्या वार्षिक कामगिरीच्या शेऱ्यांच्या) प्रतवारीचा गोषवारा, विभागीय चौकशी प्रलंबित किंवा प्रस्तावित नसल्याचं प्रमाणपत्र, केलेल्या कामाचा अहवाल आणि त्याचे पुरावे, असा साधारण गठ्ठा असतो. विहित नमुना त्या वर्षीच्या पत्रासोबत येतो. मागच्या वर्षीच्या नमुन्यात भरलेला प्रस्ताव परत येतो, मग माणूस कितीही गुणी असो.

चौकशी नसल्याचं प्रमाणपत्र सर्वात आधी मागा. ते आस्थापना शाखेकडून मिळतं आणि पूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात सेवा झाली असेल तर तिथूनही आणावं लागू शकतं. बाकी सगळा गठ्ठा तयार आणि हा एक कागद अडकलेला, हे चित्र नेहमीचं आहे. गोपनीय अहवालांचंही तेच. एखाद्या वर्षाचा अहवाल लिहिलाच गेला नसेल, तर ते प्रस्तावाच्या वेळी कळून उपयोग नाही.

कामाचा अहवाल लिहिताना 'अत्यंत मोलाचे', 'उल्लेखनीय', 'भरीव' हे शब्द खोडून बघा. उरलेल्या मजकुरात गाव, क्षेत्र, शेतकरी संख्या आणि आधी-नंतरचा फरक दिसत असेल तर अहवाल ठीक आहे. फोटो पाचच लावा, पण जिओटॅग (ठिकाणाची नोंद) असलेले आणि खाली एक ओळ लिहिलेली. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर त्यावर दैनिकाचं नाव आणि तारीख राहू द्या. मधला चौकोन तेवढा कापून चिकटवलेली कात्रणं काही सिद्ध करत नाहीत. शेतकऱ्यांची पत्रं जोडायची तर त्यांच्या शब्दांतली असू द्या. एकाच हस्ताक्षरातली, एकाच वाक्यावर संपणारी दहा पत्रं छाननी करणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. वरिष्ठांच्या योजनेतलं सगळं यश आपल्या नावावर लावू नका. सजेत जे घडलं तेवढंच मांडा. लक्ष्यांक आणि साध्य यांचा तक्ता जोडावा, पण अहवालाची सुरुवात त्याने करू नये. तो तक्ता शेजारच्या सजेतही तोच असतो.

पदवी नसलेल्यांसाठी

मॅनेजचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, आणि एकेका पिकात किंवा विषयात प्रावीण्य मिळवण्यासाठी प्रमाणित शेती सल्लागार हा कार्यक्रमही आहे. आपापल्या विभागातल्या रामेतीत (विभागीय कृषी विस्तार प्रशिक्षण संस्थेत) आणि वनामतीत अल्प मुदतीची प्रशिक्षणं चालू असतात. त्यांना नामनिर्देशन लागतं, आणि ते बहुतेकदा मागणाऱ्यालाच मिळतं. कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी जो 'देसी' डिप्लोमा चालतो, त्यात अनुभवी लोक व्याख्यानाला आणि शिवारफेरीला लागतात. तिथे शिकवल्याचं पत्र मागून घ्या, लाजू नका.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं की त्याच आठवड्यात अर्ज लिहायचा: 'सेवापुस्तकात नोंद घेण्यात यावी.' सोबत प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि नामनिर्देशनाचा आदेश. महिन्याभराने सेवापुस्तक प्रत्यक्ष उघडून नोंद आणि खालची सही बघून यायची. सही नसेल तर नोंद झालेली नाही असं धरायचं आणि पुन्हा जायचं.