आधी धूर बघा, मग पंपाला पान्हा लावा

गळीत हंगामात मांजरसुंब्याच्या घाटात उसाने भरलेला जुना ट्रक काळा धूर सोडत दमायला लागला, की लगेच 'टायमिंग (सिलिंडरात डिझेल सोडण्याची वेळ) बिघडलं' असं म्हटलं जातं. पण या गाड्यांचा लाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दाबाने डिझेल पाठवणारा पंप, टायमिंग गिअरवर चालतो, तो आपोआप सरकत नाही. पंप उतरवून पुन्हा बसवला असेल, कपलिंगचे (पंपाचा शाफ्ट गिअरला जोडणाऱ्या जोडाचे) बोल्ट ढिले झाले असतील किंवा शाफ्टची चावी (त्याला गिअरशी अडकवणारी लोखंडी पट्टी) झिजली असेल, तरच टायमिंगवर संशय घ्यावा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा १६-१७ पट दाबली जाते, ५०० अंशांच्या वर तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. मात्र फवारा पडल्यावर पेट घ्यायला साधारण १ मिलिसेकंद जातो. मिनिटाला २,००० फेऱ्या असतील, तर तेवढ्यात क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य शाफ्ट) १२ अंश फिरतो. म्हणून पिस्टन टॉपला (सगळ्यात वर) पोचण्याआधीच डिझेल सोडावं लागतं. फार आधी सोडलं तर हवा पुरेशी तापलेली नसते, पेट उशिरा घेतो, तोवर साचलेलं डिझेल एकदम भडकतं आणि हातोड्यासारखे ठोके ऐकू येतात. बेअरिंगं आणि रिंगा यानेच जातात. उशिरा सोडलं तर पिस्टन खाली जाताना ज्वलन चालू राहतं, ताकद सायलेन्सरवाटे निघून जाते, पाणी तापतं.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. फडातल्या वाटेवरची धूळ तेलाच्या एअर क्लीनरमध्ये चिखल करते, आधी तोच उघडा. वाटी धुऊन खुणेपर्यंतच नवं तेल भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. निळा धूर रिंगांचा किंवा व्हॉल्व्ह गाइडचा. थंडीतल्या सकाळी पांढरा धूर थोडा वेळ चालेल, पण इंजिन गरम झाल्यावरही राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा गॅस्केटमधून आलेलं पाणी समजा. मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा, डिझेल फिल्टर बदला, डिझेलच्या लाइनमधली हवा काढा. इंजिन स्लो ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट अर्धा फेरा सैल करा. ज्या सिलिंडरला आवाज बदलत नाही, दोष तिथेच. हात आणि तोंड लांब ठेवा: नोझल साधारण २०० बारला उघडतं, तो फवारा कातडीत घुसतो आणि तसं झालं तर घरी मलम न लावता लगेच दवाखाना गाठावा.

एवढं करूनही दोष राहिला, तर टायमिंग. सहा सिलिंडरच्या, १-५-३-६-२-४ या क्रमाने पेट घेणाऱ्या इंजिनात ६ नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असतात तेव्हा १ नंबर दाबाच्या टॉपला असतो. तिथून क्रँक सुमारे ४० अंश मागे घ्या. पंपाच्या १ नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (नोझलकडे डिझेल सोडणारा झडपा) आणि स्प्रिंग काढून वरचा होल्डर परत बसवा, त्यावर वाकडी नळी लावा. पंपाचा अ‍ॅक्सिलरेटर लिव्हर फुल ठेवून पंपापेक्षा उंच ठेवलेल्या डब्यातून पंपात डिझेल सोडा. आता क्रँक चालण्याच्या दिशेनेच हळू फिरवा. धार बारीक होत थेंबावर आली, की तोच फवारा सुरू होण्याचा क्षण. फ्लायव्हीलवरचा (क्रँकच्या टोकाच्या जड चाकावरचा) आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. खूण ओलांडली तर पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढून या, नाहीतर गिअरमधली ढिलाई आकडा चुकवते.

दुरुस्ती करताना पंपाचा शाफ्ट कपलिंगवर त्याच्या फिरण्याच्या दिशेने सरकवला, तर टायमिंग पुढे जातं. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. पंपावरचा १ अंश म्हणजे क्रँकचे २. बोल्ट आवळल्यावर धार पुन्हा तपासा, कारण आवळतानाही कपलिंग थोडं सरकतं.