सोळा फ्लॅट, एक ट्रान्सफॉर्मर

मडगाव-पणजीतल्या जुन्या इमारतींत जिन्याखाली लाकडी फळीवर मीटरांची रांग असते. प्रत्येकाखाली चिनीमातीचा किटकॅट फ्यूज, नि त्यातून वर गेलेली उदबत्तीच्या काडीएवढी ॲल्युमिनियमची तार. तेव्हाच्या वापराला ती तार पुरत होती. एका घराला एकूण किती वीज लागेल, या हिशेबाचे आकडे ‘आयएस ७३२’ या वायरिंगच्या भारतीय मानकाने ठरवून दिले होते: दिवा ६० वॅट, पंखा ६०, पाच अँपिअरचा प्लग १००, पंधराचा १,०००. सहा दिवे, तीन पंखे, चार लहान प्लग नि एक मोठा, म्हणजे १,९४० वॅट. दोन किलोवॅटसुद्धा नाही! गोव्यात वीज खातेच मुळी मुक्तीनंतर, १९६३ साली आले. तेव्हा घरात पंखा फिरणे हीच चैन.

पण इमारतीतल्या सोळा फ्लॅटांची बेरीज करून तेवढा भार पेलणारी केबल टाका, असे तेव्हाही नव्हते. सगळे जण सगळे काही एकदम लावत नाहीत, हा व्यवहार विलायतेतून आला. वीजपुरवठ्याचा खर्च नुसत्या युनिटांवर नाही, कमाल मागणीवरही, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली जाते यावरही ठरतो, हे इंग्रज अभियंते जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्ये मांडले. इंग्लंडातल्या ब्रायटनचे अभियंते आर्थर राइट यांनी ती मागणी नोंदवणारे मीटर केले. १८९४ मध्ये शिकागोच्या वीज कंपनीचे प्रमुख सॅम्युअल इन्सल ब्रायटनला गेले, ते पाहून आले, आणि एकाची मागणी चढते तेव्हा दुसऱ्याची उतरलेली असते या भरवशावर त्यांनी पुढे धंदा वाढवला. हीच ‘डायव्हर्सिटी’. मराठी प्रतिशब्द बांधकामाच्या साइटवर कोणी उच्चारत नाही. ब्रिटिश वायरिंग नियमांतला तक्ता आपल्या मानकातही आला: घरगुती दिव्यांचा भार ६६ टक्केच धरा, वगैरे.

आज पर्वरीतल्या फ्लॅटात दोन एसी, गिझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन धरून नऊ किलोवॅट सहज होतात. सोळांचे १४४, डायव्हर्सिटी म्हणून निम्मे धरले तर ७२. लिफ्ट-पंपाचे आठ मिळवले, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.९ घेतला, की ८९ केव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचे एकक), म्हणजे १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. कागदावर चोख. पण ते ‘निम्मे’ म्हणजे माझ्या मते शेजाऱ्यांच्या सवयींवर लावलेला मटका आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, अर्धी इमारत गावच्या मूळ घरी. मीटर जेमतेम फिरतात. नाताळ ते नवीन वर्षात वर्षभर कुलूपबंद असलेले फ्लॅटही उघडतात. आणि मे महिन्यात रात्री अकराला सगळ्यांचे एसी एकदमच चालू! पंखे-दिव्यांच्या काळचा गुणक तिथे लंगडा पडतो.

आता त्यात विजेवरच्या गाड्या आल्या. २०१९ मध्ये केंद्राने आदर्श बांधकाम उपविधींत दुरुस्ती करून पार्किंगच्या २० टक्के जागांसाठी चार्जिंगची सोय सुचवली. घरगुती चार्जर ३.३ किलोवॅटचा, म्हणजे दोन एसींएवढा. तो लागतो जेवणानंतर नि निघतो सकाळी, नेमका एसीच्या वेळेला.