पुढचा गिअर पडत नाही, मग दोष शिफ्टरचाच का?

मुंबईत रोड बाइक, म्हणजे रस्त्यावर वेगाने पळवायची गिअरची सायकल, चालवणाऱ्याला पुढचा गिअर महिनोन्महिने बदलावा लागत नाही. मरीन ड्राइव्ह सपाट, वरळी सी फेस सपाट, नवी मुंबईतला पाम बीच रोडही सपाट. उड्डाणपुलांपुरते मागचे गिअर पुरतात आणि चेन पुढच्या मोठ्या चक्रीवरच राहते. मग एखाद्या रविवारी खोपोलीहून बोरघाट चढायला घेतला की लहान चक्री हवी होते. डावा लिव्हर दाबावा, तर चेन जागची हलत नाही. दुकानात निदान बऱ्याचदा तिथल्या तिथे होतं: शिफ्टर, म्हणजे हँडलवरची गिअर बदलायची यंत्रणा, गेला. रोड बाइकचा शिफ्टर ब्रेकच्या लिव्हरसकट येतो, त्यामुळे हे निदान महागात पडतं, आणि पुष्कळदा ते चुकीचंही असतं.

डाव्या लिव्हरच्या आत एक दातेरी चकती असते आणि तिला अडवून धरणारे बारीक खटके असतात. मोठा लिव्हर ढकलला की चकती फिरते, 1.2 मिलिमीटर जाडीची वायर ओढली जाते आणि डिरेलर (चेनला एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) चेनला बाहेर, मोठ्या चक्रीकडे रेटतो. उलट दिशेला मात्र शिफ्टर काहीच ढकलत नाही. तो फक्त वायर सोडतो. डिरेलरला आत आणायचं काम त्याच्याच स्प्रिंगचं. त्यामुळे ‘चेन वर चढत नाही’ आणि ‘चेन खाली उतरत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. चढताना तुमच्या बोटांचा जोर असतो, उतरताना एकट्या स्प्रिंगचा.

आणि त्या स्प्रिंगचा खरा शत्रू वायरच्या वळणांत बसलेला असतो. भाऊच्या धक्क्यावर लाँचचा दोर खुंटाला दोन-तीन वेढे देऊन एक माणूस सहज धरून ठेवतो, त्यामागचंच गणित इथे लागू पडतं. वळणावरून जाणाऱ्या दोरीतला ताण घर्षणामुळे घातांकी पद्धतीने बदलतो. लिओनार्ड ऑयलरने 18व्या शतकात मांडलेलं हे सूत्र. हँडलपासून डिरेलरपर्यंतची सगळी वळणं मिळून अर्धं वर्तुळ धरू. घर्षणांक 0.1 असेल तर डिरेलरपाशी हवा त्याच्या सुमारे 1.4 पट जोर लिव्हरपाशी लावावा लागतो. गंज आणि चिखलाने तो 0.3 झाला, तर तब्बल 2.6 पट. घर्षण तिप्पट झालं एवढंच, पण जो जोर वायाच जातो तो चौपटीहून जास्त वाढला! उतरताना हेच ओझं स्प्रिंगवर येतं आणि ती बिचारी हरते.

मुंबईची हवा यात भर घालते. मिठाचे सूक्ष्म कण 75 टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत हवेतलं पाणी शोषून ओले होतात, आणि पावसाळ्यात इथली आर्द्रता बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. म्हणजे सायकल पावसात नेली नाही, नुसती बाल्कनीत उभी ठेवली, तरी वायरवर खारं पाणी बसतंच. त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडतं. क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) खाली वायर ज्या प्लॅस्टिकच्या खोबणीतून वळते, तिथे रस्त्याचा चिखल साचून घट्ट होतो. ती जागा आधी बघा.

आता चाचणी. सायकल स्टँडवर घ्या. वायर फ्रेमच्या बाहेरून जात असेल, तर खालच्या नळीवरची उघडी वायर बोटांनी नळीपासून दूर ओढा आणि दुसऱ्या हाताने पेडल फिरवा. चेन मोठ्या चक्रीवर चढली आणि वायर सोडताच झटक्यात उतरली, तर डिरेलर निर्दोष. ती रेंगाळली, तर डिरेलरचे सांधे किंवा ती खोबणी साफ करून तेलाचा थेंब सोडा. दुसरी चाचणी शिफ्टरची: डिरेलरपाशी वायरचा बोल्ट सैल करा, टोक पकडीत धरून हलका ताण द्या आणि लिव्हर दाबून पाहा. प्रत्येक ‘टक’ला वायर ठरावीक ओढली जाते, टिकते आणि सुटते? मग शिफ्टर शाबूत आहे. खरखर लागत असेल तर वायर आणि आउटर (वायरवरचं आवरण) बदला; खर्च शिफ्टरच्या मानाने अगदी किरकोळ.

स्टँडवर सगळं ठीक आणि घाटातच अडत असेल, तर पायाकडे बघा. मागचा डिरेलर चेनच्या सैल बाजूला काम करतो, पुढचा ताणलेल्या बाजूला. 170 मिलिमीटरच्या क्रँकवर 20 किलोचा भार दिला, तर 34 दात्यांच्या चक्रीवर चेनमध्ये सुमारे 50 किलोचा ताण येतो. अशा चेनला आडवं ढकलणं सोपं नाही. गिअर बदलताना अर्धा फेरा पाय हलका ठेवा. शिवाय अनेक शिफ्टरांत चेन डिरेलरला घासू नये म्हणून मधला अर्धा टप्पा असतो. लिव्हर अर्धवट दाबला की ‘टक’ होतो, पण चेन उतरत नाही. तो बिघाड नव्हे.

खरा बिघाड ओळखू येतो: लिव्हर पोकळ फिरतो, आवाज नाही, वायर ओढली जात नाही. वर्षानुवर्षांत आतलं ग्रीस चिकट होतं, खटक्यांच्या नाजूक स्प्रिंगांना ते पेलत नाही आणि खटके दातांत बसतच नाहीत. न वापरलेल्या डाव्या शिफ्टरला हे बऱ्याचदा होतं. शिफ्टर उघडू नका. ब्रेक पॅड आणि रिम कापडाने झाकून आत ग्रीस विरघळवणारा स्प्रे मारा, लिव्हर पुन्हा पुन्हा दाबत राहा, काळं पाणी निघू द्या; खटके धरू लागले की पातळ तेल सोडा. त्याच वेळी वायरचं डोकं तपासा. तिथे तुटलेली एखादी तारही यंत्रणा अडवते.

एवढं करूनही दात धरत नसतील, तर शिफ्टर बदला. फक्त डावा घेतलात तरी चालतो, पण तुमच्या डिरेलरला चालणारं मॉडेल विचारून घ्या, कारण एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मालिकांतही वायर ओढण्याचं माप वेगळं असू शकतं.