आमवात म्हणजे सांध्यांची झीज नव्हे

“वय झालं, सांधे झिजले,” असं आमवाताबद्दल (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) सर्रास ऐकू येतं. झिजेचा संधिवात वेगळा. आमवात बहुतेकदा तिशी ते साठीदरम्यान सुरू होतो आणि त्यात रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर हल्ला चढवते. सकाळी बोटं तासभर आखडलेली राहतात, ती या हल्ल्यातून येणाऱ्या सुजेमुळे.

ही सूज धुमसत ठेवण्यात मायटोकॉन्ड्रियाचाही हात असावा. पेशीला ऊर्जा पुरवणारे हे घटक मुळात जिवाणूंचे वंशज. त्यांचा स्वतःचा गोलाकार डीएनए असतो. सुजलेल्या अस्तरात ऑक्सिजन कमी पडतो, मायटोकॉन्ड्रिया बिघडतात. एरवी पेशी असे बिघडलेले घटक मोडीत काढते. ते जमलं नाही तर डीएनए बाहेर गळतो आणि संरक्षक पेशींना वाटतं, जंतूच शिरले! मग इंटरल्युकिन-१ बीटासारखी रसायनं सुटतात, सूज वाढते, आणखी मायटोकॉन्ड्रिया बिघडतात. रुग्णांच्या सांध्यातल्या द्रवात हा डीएनए सापडलेला आहे.

पण यावर बेतलेला सिद्ध उपचार अजून नाही. “मायटोकॉन्ड्रियासाठी” म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या भरवशावर मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं औषध परस्पर बंद करू नका. आणि ते आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं.